स्थानिक संगणक-जाळ्याची सीमा : इथरनेटचा विकास आणि आष्टी तालुका

१

वर्धा जिल्ह्याच्या आठ तालुक्यांपैकी आष्टी हा एक. १६ ऑगस्ट १९४२ च्या लढ्यामुळे ह्या गावाचे नाव 'शहीद आष्टी' असे रूढ झाले, आणि स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांचे लक्ष साहजिकच त्या घटनेकडे अधिक राहिले आहे. प्रस्तुत निबंधाचा विषय निराळा आहे. आष्टी हे पंचायत समितीचे ठिकाण होय. देशातील सर्व ग्रामपंचायतींना प्रकाशतंतूंच्या वाहिनीने जोडण्याची जी योजना केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केली व जी २०१५ पासून 'भारतनेट' ह्या नावाने ओळखली जाऊ लागली, तिच्या मूळ आराखड्यात तालुक्याचे ठिकाण ही वाहिनीची एक पायरी आणि ग्रामपंचायत ही अखेरची पायरी मानलेली आहे. ग्रामपंचायतीत प्रकाशतंतू जेथे संपतो तेथे एक लहानशी पेटी बसवावयाची असते. तिला तारा जोडण्यासाठी चौकोनी खाचा असतात. त्या खाचा इथरनेटच्या आहेत.

इथरनेट ही मुळात एका इमारतीपुरती योजना होती. अमेरिकेतील एका संशोधनशाळेत १९७३ साली, कचेरीतील संगणक परस्परांशी व एका छपाईयंत्राशी जोडावेत एवढ्याच हेतूने ती निघाली. त्या मर्यादित हेतूची योजना अर्धशतकात विदर्भातील ग्रामपंचायतीच्या उंबरठ्यापर्यंत कशी पोहोचली, हा प्रश्न केवळ यंत्रविद्येचा नाही. अशा जाळ्याला 'स्थानिक जाळे' म्हणतात. पण 'स्थानिक' म्हणजे किती अंतरापर्यंतचे, कोणाच्या मालकीचे आणि कोणत्या कायद्याच्या कक्षेतले? ह्या तीन प्रश्नांची उत्तरे काळाबरोबर बदलत गेली. इथरनेटचा इतिहास हा बहुतांशी ह्या बदलत्या सीमांचा इतिहास आहे, असे दाखविण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

२

ह्या योजनेचे बीज हवाई बेटांत आहे. तेथील विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन व त्यांचे सहकारी ह्यांनी निरनिराळ्या बेटांवरील केंद्रे मुख्य संगणकाशी रेडिओने जोडली. 'अलोहानेट' नावाचे हे जाळे १९७१ साली चालू झाले. त्याचा नियम अगदी साधा होता : ज्याला काही पाठवावयाचे असेल त्याने ते पाठवून द्यावे, पोच आली नाही तर दुसऱ्याच्या संदेशाशी त्याची टक्कर झाली असे समजून, थोडा वेळ जाऊ देऊन पुन्हा पाठवावे. कोणी कोणाची परवानगी घ्यावयाची नाही. हा साधेपणा अर्थातच महाग पडे. गणिताने असे सिद्ध होते की अशा जाळ्यात वाहिनीच्या क्षमतेपैकी फार तर सुमारे १८ टक्के भागच उपयोगी पडतो. उरलेला टक्करींत व रिकामेपणात जातो.

रॉबर्ट मेटकाफ ह्यांनी हार्वर्ड विद्यापीठासाठी लिहिलेल्या आपल्या प्रबंधात अलोहाच्या गणिताचा विचार केला होता. पुढे कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथील झेरॉक्स कंपनीच्या संशोधनशाळेत 'आल्टो' नावाचे संगणक जोडण्याचे काम त्यांच्याकडे आले, तेव्हा हेच तत्त्व त्यांनी तारेवर आणले. २२ मे १९७३ रोजी लिहिलेल्या टिपणात त्यांनी ह्या जाळ्याला 'इथर' ह्या शब्दावरून नाव दिले. प्रकाशाचे वहन करणारे एक सर्वव्यापी द्रव्य म्हणून एकोणिसाव्या शतकातील पदार्थवैज्ञानिक ईथर मानीत असत. ते द्रव्य पुढे विज्ञानाने त्याज्य ठरविले. पण सर्वांना सारखेच उपलब्ध असलेले, स्वतः काहीही न ठरविणारे माध्यम ही कल्पना मेटकाफ ह्यांच्या कामाची होती. डेव्हिड बॉग्ज ह्यांच्या साहाय्याने त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात हे जाळे चालू झाले. त्याचा वेग सेकंदाला २९.४ लक्ष बिट इतका होता. हा विचित्र आकडा आल्टो संगणकाच्या अंतर्गत घड्याळाच्या ठोक्यावरून आलेला होता. १९७६ च्या जुलैत मेटकाफ व बॉग्ज ह्यांनी ह्या जाळ्याचे वर्णन प्रसिद्ध केले.

अलोहाच्या नियमात त्यांनी दोन गोष्टींची भर घातली. पहिली ही की, बोलण्यापूर्वी तार मोकळी आहे की नाही हे ऐकावे. दुसरी अशी की, बोलत असतानाही ऐकत राहावे आणि दुसरा कोणी त्याच वेळी बोलू लागला असे आढळताच दोघांनीही थांबावे. त्यानंतर प्रत्येकाने चिठ्ठी टाकल्याप्रमाणे यदृच्छेने ठरलेला काळ वाट पाहावयाची. पुन्हा टक्कर झाली तर वाट पाहण्याच्या काळाची मर्यादा दुपटीने वाढवावयाची. ह्या पद्धतीचे जे प्रमाणित रूप पुढे ठरले, त्यात सोळा वेळा प्रयत्न फसला की यंत्राने तो संदेश सोडून द्यावा असा नियम आहे. अध्यक्षाविना चालणाऱ्या सभेत सर्वांनी शिस्त पाळली तर कामकाज जसे सुरळीत होते, तसाच हा प्रकार होता. कोणतेही एक यंत्र बंद पडले तरी सभा मोडत नसे, कारण सभेला अध्यक्षच नव्हता.

ह्या शिस्तीतूनच जाळ्याची पहिली सीमा निर्माण झाली, आणि ती निसर्गाने घालून दिलेली होती. तारेच्या एका टोकाचा संदेश दुसऱ्या टोकास पोहोचून टक्करीची खूण परत येईपर्यंत पाठविणारा बोलतच असला पाहिजे. नाहीतर टक्कर झाल्याचे त्याला कळणारच नाही. सेकंदाला एक कोटी बिट वेगाच्या जाळ्यात ही मुदत ५१२ बिटांची, म्हणजे एका सेकंदाच्या दशलक्षांश भागांच्या मापाने ५१.२ भागांची, धरण्यात आली. म्हणून कोणताही संदेश ६४ बाइटांहून लहान असू नये असा नियम झाला. आणि तारेतील विद्युत्संकेताचा वेग व मधल्या यंत्रांचा विलंब लक्षात घेऊन दोन यंत्रांमधील कमाल अंतर सुमारे २,५०० मीटर ठरले. 'स्थानिक' ह्या शब्दाचा पहिला अर्थ असा गणिती होता.

३

एका कंपनीच्या शाळेतील हा प्रयोग सार्वत्रिक होण्याचे कारण प्रमाणीकरणात आहे. डिजिटल, इंटेल व झेरॉक्स ह्या तीन कंपन्यांनी ३० सप्टेंबर १९८० रोजी एक कोटी बिट वेगाच्या इथरनेटचा तपशील संयुक्तपणे प्रसिद्ध केला. आणि १९८३ साली अमेरिकेतील विद्युत् व इलेक्ट्रॉनिकी अभियंत्यांच्या संस्थेने, म्हणजे आय-ट्रिपल-ई ने, ८०२.३ ह्या क्रमांकाने त्याला प्रमाणाचा दर्जा दिला. ह्याच सुमारास प्रतिस्पर्धी पद्धतीही पुढे आल्या होत्या. आय.बी.एम. कंपनीच्या 'टोकन रिंग' पद्धतीत बोलण्याचा अधिकार एका खुणेच्या रूपाने एका यंत्राकडून दुसऱ्याकडे फिरत असे, आणि त्यामुळे प्रत्येकाची पाळी केव्हा येईल हे निश्चित सांगता येई. इथरनेटमध्ये तसे काहीच सांगता येत नसे. शास्त्रीय दृष्ट्या हा आक्षेप खोटा नव्हता. तथापि ज्या पद्धतीचे प्रमाण कोणत्याही उत्पादकास उपलब्ध होते, जिची यंत्रे अनेक कंपन्या बनवीत होत्या व म्हणून जिची किंमत उतरत गेली, तीच टिकली.

पहिल्या प्रमाणातील तार जाड, समाक्ष व ताठर होती. तिचा एक तुकडा कमाल ५०० मीटरांचा असे. तिला दर अडीच मीटरांवर खुणा केलेल्या असत आणि यंत्र जोडण्यासाठी त्या खुणेवर तार टोचून आत संपर्क साधावा लागे. नंतर बारीक समाक्ष तार आली. तिच्या तुकड्याची मर्यादा १८५ मीटर होती. ह्या दोन्ही प्रकारांत एकच तार सर्व यंत्रांजवळून जात असे व ती कोठेही तुटली की तो सबंध तुकडा बंद पडे. १९९० साली मंजूर झालेल्या प्रमाणाने दूरध्वनीसाठी वापरतात तशा पिळाच्या तारांच्या जोड्या स्वीकारल्या. प्रत्येक यंत्राची तार स्वतंत्रपणे एका मध्यवर्ती पेटीकडे जाऊ लागली आणि तिची कमाल लांबी १०० मीटर ठरली. ही शंभर मीटरांची मर्यादा तांब्याच्या तारेवरील इथरनेटला आजही सर्वसाधारणपणे लागू आहे, आणि आष्टी तालुक्याचा विचार करताना तिचे महत्त्व पुन्हा ध्यानात येईल.

तारा मध्यवर्ती पेटीत येऊन मिळू लागल्या की त्या पेटीला विचार करावयास लावणे ही पुढची पायरी होती. कालपना नव्हे तर 'कल्पना' असेच शुद्ध भारतीय नाव धारण करणाऱ्या अमेरिकेतील एका कंपनीने १९९० साली इथरनेटचा स्विच बाजारात आणला. विनोद भारद्वाज हे ह्या कंपनीच्या संस्थापकांपैकी होते, आणि १९९४ मध्ये सिस्को कंपनीने ती विकत घेतली. स्विच आलेला संदेश सर्वांना ऐकवीत नाही. त्यावरील पत्ता वाचून ज्याचा त्यालाच देतो. सभेला आता अध्यक्ष मिळाला असे नव्हे. सभाच उरली नाही, तिच्या जागी पत्रव्यवहार आला.

हा बदल वेगाच्या गरजेतून अटळ होता. १९९५ साली वेग दसपट झाला, सेकंदाला दहा कोटी बिट. पण त्याच नियमाने टक्कर ओळखावयाची तर संदेशाची मुदत एकदशांश झाली, आणि सामायिक जाळ्याची मर्यादा अडीच किलोमीटरांवरून सुमारे दोनशे मीटरांवर आली. वेग आणखी दसपट केला असता ती वीस मीटरांच्या आसपास राहिली असती. म्हणजे सामायिक माध्यमाची शिस्त आणि वेग ह्यांपैकी एकाचा त्याग करणे भाग होते. १९९७ साली दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बोलण्याची सोय प्रमाणात आली व टक्करीची शक्यताच संपली. २००२ साली सेकंदाला एक हजार कोटी बिटांचे जे प्रमाण मंजूर झाले, त्यात ऐकून बोलण्याचा जुना नियम मुळातच ठेवलेला नाही.

मग इथरनेटचे उरले काय? नाव उरले आणि पाकीट उरले. संदेशाच्या आरंभी ज्याला द्यावयाचा त्याचा पत्ता, नंतर पाठविणाराचा पत्ता, प्रत्येक पत्ता ४८ बिटांचा. मग आतील मजकुराच्या प्रकाराची वा लांबीची खूण, मग मजकूर, आणि शेवटी चूक ओळखण्यासाठी चार बाइटांची बेरीज. १९८० नंतर तार बदलली, वेग हजारो पटींनी वाढला, जाळ्याची रचना बदलली. पण पाकिटाची ही मांडणी ओळखता येईल इतकी तीच राहिली. त्यामुळे जुने यंत्र नव्या जाळ्यात चालू शकले, आणि संस्थांना एकदम सर्व काही टाकून द्यावे लागले नाही. इतिहासकाराच्या दृष्टीने विशेष लक्षणीय गोष्ट अशी की, ६४ बाइटांची किमान मर्यादा अद्याप कायम आहे. ज्या टक्करीसाठी ती घातली होती ती टक्कर आता होत नाही. तरी लहान मजकुराच्या मागे शून्ये भरून पाकीट ६४ बाइटांचे केले जाते. पडलेल्या वाड्याच्या जोत्यावरून जशी वाड्याची मापे काढता येतात, तशी ह्या एका आकड्यावरून १९८० च्या तारेची लांबी काढता येते.

४

महाराष्ट्रात ह्या विद्येचा प्रवेश मुंबईतील संशोधनसंस्थांच्या द्वारे झाला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला 'टिफरॅक' हा संगणक १९६० पासून काम करू लागला होता. त्याच संस्थेत वाढलेल्या संगणक-केंद्रातून १९८५ च्या सुमारास 'नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी' ही स्वतंत्र संस्था झाली, श्री. एस. रमणी हे तिचे संचालक होते, आणि तिचे मुख्य ठिकाण जुहू येथे होते. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने १९८६ साली 'अर्नेट' हे शिक्षण व संशोधनासाठीचे जाळे हाती घेतले, तेव्हा त्यात ही संस्था, पाच भारतीय तंत्रज्ञान संस्था, बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्था व स्वतः इलेक्ट्रॉनिकी विभाग असे आठ भागीदार होते. आरंभी साध्या दूरध्वनीवरून संगणकाने संगणकाला क्रमांक लावून पत्रे पोहोचविली जात. जानेवारी १९९१ मध्ये दिल्ली व मुंबई ह्यांना जोडणारी भाड्याची पहिली कायम वाहिनी सुरू झाली. तिचा वेग सेकंदाला ९,६०० बिट होता. १९९२ मध्ये मुंबईहून अमेरिकेकडे ६४,००० बिट वेगाची वाहिनी चालू झाली.

ह्या आकड्यांची त्या काळच्या इथरनेटशी तुलना केली असता एक महत्त्वाची गोष्ट उघड होते. संस्थेच्या आवारातील इथरनेट सेकंदाला एक कोटी बिट वाहून नेई. कुंपण ओलांडताच त्याच संदेशाला ९,६०० बिटांच्या वाहिनीतून जावे लागे. आत व बाहेर ह्यांतील हे अंतर हजार पटींहून अधिक होते. त्याचे एक कारण दूरच्या वाहिनीचा खर्च हे होय, पण दुसरे कारण कायद्यात होते. १८८५ च्या भारतीय तार कायद्याने तारयंत्रणा उभारण्याचा व चालविण्याचा अनन्य अधिकार सरकारकडे राखून ठेवला होता. आपल्या आवारात संस्थेने स्वतः तार टाकावी, कोणते यंत्र कोठे जोडावे हे स्वतः ठरवावे. पण रस्ता ओलांडावयाचा झाला की दूरसंचार खात्याची वाहिनी भाड्याने घेणे आले. 'स्थानिक' ह्या शब्दाला येथे दुसरा अर्थ प्राप्त झाला : जेथपर्यंत आपली सत्ता चालते ते स्थानिक. अडीच किलोमीटरांची गणिती सीमा गाठण्यापूर्वीच बहुतेक संस्थांना कुंपणाची सीमा लागत असे.

सरकारी कामकाजात राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राने १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात 'निकनेट' हे जाळे उपग्रहाच्या मार्गाने जिल्ह्यांच्या ठिकाणापर्यंत नेले. ह्या जाळ्याचे एकक जिल्हा हे होते. तालुका व गाव त्याच्या कक्षेत नंतरच्या काळात आले. जनतेसाठी इंटरनेटची सेवा विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली, आणि तिचाही आरंभ मोठ्या शहरांतूनच झाला.

ह्याच काळात पुण्याच्या सी-डॅक संस्थेने 'परम' मालिकेतील महासंगणक बांधले. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या ह्या संस्थेचा 'परम ८०००' हा संगणक १९९१ साली तयार झाला. पुढील 'परम पद्म' ह्या संगणकाचे भाग जोडण्यासाठी संस्थेने स्वतः घडविलेले 'परमनेट' हे जाळे मुख्य होते, व सेकंदाला शंभर कोटी बिटांचे इथरनेट त्याच्या आधारास ठेवलेले होते. इथरनेट सर्वच ठिकाणी श्रेष्ठ ठरले असे नाही, हे ह्यावरून दिसते. जेथे क्षणाच्या विलंबालाही किंमत होती, तेथे अभियंत्यांनी निराळे जाळे विणले. जेथे स्वस्ताई व सर्वांशी जुळवून घेणे ह्यांना महत्त्व होते, तेथे इथरनेट आले.

५

कुंपणाबाहेरच्या खेड्यांना जोडण्याचे महाराष्ट्रातील प्रयोग ह्या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजेत. तात्यासाहेब कोरे ह्यांच्या नेतृत्वाखाली वाढलेल्या वारणा सहकारी समूहाच्या परिसरात १९९८ साली 'वायर्ड व्हिलेज' ह्या नावाने एक प्रकल्प सुरू झाला. केंद्र सरकार, राज्य सरकार व वारणानगर येथील सहकारी संस्था ह्यांनी मिळून वारणा खोऱ्यातील ७० गावांत संगणक-केंद्रे उभारण्याचे योजले होते. शेतीची माहिती, शासकीय दाखले, शिक्षण असे अनेक हेतू त्यात होते. प्रत्यक्षात ह्या केंद्रांचा उपयोग मुख्यतः उसाच्या नोंदी व कारखान्याशी होणारा व्यवहार एवढ्यापुरता राहिला. पुढे मायक्रोसॉफ्टच्या बंगळूर येथील संशोधकांनी सात गावांत संगणकांच्या जागी साधे मोबाइल दूरध्वनी ठेवून, लघुसंदेशांनी तेच काम करून पाहिले. आणि ते अधिक स्वस्तात व सोयीने होते असे त्यांना आढळून आले.

ह्या प्रयोगाचे तात्पर्य 'खेड्याला संगणक नको' असे काढणे चुकीचे होईल. वारणेत प्रत्येक गावी एक यंत्र होते. त्या यंत्राला गावातच दुसरे कोणी सोबती नव्हते. शाळा, दवाखाना, सोसायटी, ग्रामपंचायत ही परस्परांशी जोडलेली नव्हती. प्रत्येक गाव कारखान्याशी जोडलेले होते. म्हणजे दूरचे जाळे होते, स्थानिक जाळे नव्हते. अशा वेळी एकच काम उरते आणि ते काम लघुसंदेशानेही भागते, ह्यात आश्चर्य नाही.

दुसरा प्रयत्न रेडिओच्या मार्गाने झाला. सध्याच्या पालघर जिल्ह्यातील खामलोली परिसरात मुंबईच्या तंत्रज्ञान संस्थेतील प्राध्यापक अभय करंदीकर व त्यांचे सहकारी ह्यांनी २०१० नंतरच्या दशकात दूरचित्रवाणीच्या न वापरलेल्या लहरींवरून गावे व पाडे जोडण्याचा प्रयोग केला. दोन ठिकाणांच्या मधले अंतर ह्या लहरींनी ओलांडावयाचे आणि गावात वाय-फायने सेवा द्यावयाची अशी ही रचना होती. वाय-फाय ही इथरनेटची जवळची नातलग आहे. तिचे पहिले प्रमाण १९९७ चे. तीत बोलण्यापूर्वी ऐकण्याची जुनी शिस्त अद्याप जिवंत आहे, कारण रेडिओचे माध्यम आजही सामायिकच असते. तारेवरून जी शिस्त नाहीशी झाली ती हवेत टिकून राहिली. अलोहाच्या बेटांपासून निघालेला प्रवास अशा रीतीने पुन्हा रेडिओकडे आला.

हा मार्ग मोकळा होण्यासही कायद्यातील बदल कारणीभूत झाला. जानेवारी २००५ मध्ये केंद्र सरकारने २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीपट्ट्यातील अल्पशक्तीच्या उपकरणांना परवान्यातून सूट दिली. त्यामुळे कोणाही व्यक्तीला वा संस्थेला ह्या पट्ट्यात परवान्यावाचून वाय-फाय चालविता येऊ लागले. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या 'पीएम-वाणी' योजनेने गावातील दुकानदारालाही परवान्यावाचून अशी सेवा पुरविण्याची मुभा दिली. १८८५ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी २०२३ साली नवा दूरसंचार कायदा संमत झाला. कुंपणाची सीमा कायद्याने अशी हळूहळू सैल होत गेली आहे.

६

आता आष्टीकडे वळावे. भारतनेटच्या मूळ आराखड्याप्रमाणे तालुक्याच्या ठिकाणच्या, अथवा जवळच्या, दूरध्वनी केंद्रात एक मुख्य यंत्र असते. तेथून निघालेला एकच प्रकाशतंतू वाटेत काचेच्या विभाजकाने फुटून अनेक ग्रामपंचायतींकडे जातो. ह्या पद्धतीस 'जीपॉन' म्हणतात, व तिचा पल्ला सुमारे वीस किलोमीटरांचा असतो. प्रत्येक ग्रामपंचायतीस सेकंदाला दहा कोटी बिटांची क्षमता मिळावी असे उद्दिष्ट होते. तंतू सामायिक आहे; म्हणजे १९७३ चाच प्रश्न येथे पुन्हा उभा राहतो : एकाच माध्यमावर अनेकांनी बोलावयाचे कसे? उत्तर मात्र उलट आहे. येथे कोणी ऐकून बोलत नाही. मुख्य यंत्र प्रत्येक ग्रामपंचायतीच्या पेटीला तिची वेळ नेमून देते आणि पेटीने त्याच वेळी बोलावयाचे असते. सभेला आता खरोखरच अध्यक्ष आहे, व तो गावाबाहेर बसलेला आहे. इथरनेटचे पाकीट मात्र ह्या तंतूवरूनही दुसऱ्या वेष्टनात घालून जसेच्या तसे नेले जाते, आणि ग्रामपंचायतीच्या पेटीतून पुन्हा इथरनेट म्हणूनच बाहेर पडते.

मूळ रचना झाडासारखी होती : खोडाला इजा झाली की पुढच्या सर्व फांद्या सुकतात. रस्त्याच्या वा नळाच्या खोदकामात तंतू एका जागी तुटला तर त्याच्या पलीकडील सर्व गावे एकदम तुटतात. बारीक समाक्ष तारेचा १९८५ च्या सुमाराचा दोष येथे किलोमीटरांच्या प्रमाणावर पुन्हा अवतरला, असे म्हणावयास हरकत नाही. हा दोष जाणूनच ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित योजनेत, ज्यासाठी १,३९,५७९ कोटी रुपयांची तरतूद आहे, तालुका व ग्रामपंचायती ह्यांना कड्याच्या आकाराने जोडण्याचे ठरविण्यात आले. म्हणजे एका बाजूचा तंतू तुटला तरी दुसऱ्या बाजूने वाट राहील.

तथापि कडे पूर्ण झाले तरी ते ग्रामपंचायतीच्या भिंतीपाशी संपते. पेटीच्या खाचेतून निघालेली तांब्याची तार शंभर मीटर जाते. एवढ्या अंतरात फार तर ग्रामपंचायतीचे कार्यालय व तिच्या शेजारची एखादी इमारत येते. शाळा, आरोग्य उपकेंद्र, सहकारी सोसायटी व रास्त धान्याचे दुकान ही गावात विखुरलेली असतात. त्यांना जोडावयाचे तर मध्ये स्विच हवेत, गावापुरता तंतू हवा अथवा वाय-फाय हवे, त्या सर्वांना वीज हवी, आणि मुख्य म्हणजे ते सांभाळणारा गावातला माणूस हवा. वारणेच्या प्रयोगात ज्या गोष्टीची उणीव राहिली ती हीच. दिल्लीपासून ग्रामपंचायतीपर्यंतची वाहिनी शासन टाकू शकते. ग्रामपंचायतीपासून शाळेपर्यंतचे जाळे गावाने आपले म्हटल्यावाचून टिकणे कठीण आहे.

तीन सीमांचा हिशेब ह्यावरून असा मांडता येतो. पहिली सीमा अंतराची. ती स्विच व प्रकाशतंतू ह्यांनी जवळजवळ पुसून टाकली. दुसरी कायद्याची, ती १८८५ पासून दीर्घकाळ कठोर होती, पण २००५ नंतर सैल झाली. तिसरी मालकीची, ती पुष्कळ अंशी जागच्या जागी आहे, आणि ती यंत्राने वा कायद्याने एकदम हलणारी नाही. इथरनेट जगभर पसरले त्याचे एक प्रमुख कारण असे की, ज्याच्या इमारतीत ते होते त्याला ते स्वतः टाकता, वाढविता व दुरुस्त करता येत होते. हा गुण गावाच्या वाट्याला आला तरच इथरनेट गावात आले असे म्हणता येईल. एरव्ही केवळ त्याची खाच आली.

ह्या तिसऱ्या सीमेचा अभ्यास ग्रंथांतून होणारा नाही. कोणत्या गावात पेटी केव्हा बसली, ती किती दिवस चालू राहिली, तिच्यापासून पहिली तार कोठे गेली, तिचे बिल कोणी भरले, ह्या गोष्टी ग्रामपंचायतींची ठराव-पुस्तके, पंचायत समितीचे अहवाल व शाळांच्या जडवस्तू-नोंदी ह्यांतून शोधाव्या लागतील. संगणकाची साधने लवकर निकामी होतात व त्यांच्याबरोबर त्यांची कागदपत्रेही रद्दीत जातात. १९४२ च्या आष्टीची साक्ष देणारी माणसे होती म्हणून तो इतिहास राहिला; तारांचा इतिहास सांगण्यास कोणी साक्षीदार पुढे येत नाही. म्हणून आष्टीसारख्या एका तालुक्यातील गावोगावच्या ह्या नोंदी वेळीच एकत्र करणे हे स्थानिक इतिहासाचे अगत्याचे काम होय.